खान्देशात गावी राहणाऱ्या आईवडिलांसाठी कोणत्या सोयी खरंच कामाला येतात?

शिरपूर_पुणे
नमस्कार मंडळी. मी पुण्यात, आई-आप्पा गावी, शिरपूर तालुक्यात फाट्यापासून बरंच आत. आप्पा ७७, आई ७१. दोघांनी पुण्याला यायला साफ नकार दिलाय. आले तरी आठवड्यात आप्पा गॅलरीत येरझाऱ्या घालायला लागतात, कपाशीकडे कोण बघेल म्हणून, आणि शेत तर बटाईने दिलंय! असो.

विषय असा की पोस्टरवर जे छापलेलं असतं ते मलाही वाचता येतं. मला हे पाहिजे की तुमच्या गावात कोणती सोय खरोखर चालते, फोन कोणाला करायचा, कागद कोणता लागतो आणि गाडं कुठे अडतं. रात्री-बेरात्री दवाखाना, बँकेतले पैसे, एसटी, लाईट, सातबारा, योजना, जे माहीत असेल ते लिहा. आप्पांची अट एकच आहे, कोणाच्या पाया पडायचं नाही.

गिरणाकाठ
एसटीपासून सुरुवात करतो. आप्पांना ७५ च्या वर म्हणून पूर्ण फुकट, ही सवलत ऑगस्ट २०२२ पासून आहे. आईंना बाई म्हणून अर्धं तिकीट, ते मार्च २०२३ पासून. आमच्याकडे वेगळा पास वगैरे काढायची गरज पडली नाही, आधार कार्ड दाखवलं की झालं, फक्त कार्डावर जन्मतारीख बरोबर पाहिजे. आमच्याकडच्या निम्म्या म्हाताऱ्यांची १ जानेवारी किंवा १ जून आहे, मास्तरांनी शाळेत टाकून दिलेली. आणि हे सगळं राज्याच्या हद्दीपर्यंतच बरं का. तुमच्याकडून लोक सेंधव्याला जातात, तिथे पुढचं तिकीट काढावं लागतं.

भरीत_पार्टी
आजाले सवलत भेटनी, पन गाडीच नही भेटनी 😄
जवय गाडी येस तवय आजा घर ऱ्हास, आनि आजा फाटावर जास तवय गाडी येस नही.

गिरणाकाठ
@भरीत_पार्टी, हासू नको रे भो, खरं आहे ते. आमची मुक्कामी गाडी लॉकडाऊनमध्ये बंद पडली ती पडलीच. मुक्कामी गाडी म्हणजे पहाटे शाळा-कॉलेजची पोरं, भाजीवाल्या, तालुक्याला तारीख असलेले, सगळ्यांची सोय होती. आता काळी-पिवळी आहे, ती भरल्याशिवाय हालत नाही. पण ग्रामसभेचा ठराव, शाळेचं पत्र आणि प्रवाशांच्या सह्या असं एकत्र डेपो मॅनेजरकडे दिलं तर गाडी सुरू होते, शेजारच्या गावाने करून दाखवलंय. नुसतं तोंडी सांगितलं की "बघतो" एवढंच ऐकायला मिळतं.

शाखा_डाकघर
मी ग्रामीण डाक सेवक आहे, कुठला ते सांगत नाही. बँकेच्या पैशाचं सांगतो, कारण हे लोकांना अजून माहीत नाही. खातं कोणत्याही बँकेचं असू द्या, आधार जोडलेलं असेल तर आम्ही घरी मशीन आणून अंगठ्यावर पैसे काढून देतो. एका वेळी दहा हजारांपर्यंत. त्यासाठी पोस्टात खातं असायची गरज नाही. फक्त आदल्या दिवशी निरोप द्या, कारण शाखा डाकघरात रोकड थोडीच असते, ऐन वेळी सगळं गाव आलं तर मी कुठून देणार.

आता अडतं कुठे ते पण ऐका. अंगठा. ज्यांनी जन्मभर निंदणी केली, कापूस वेचला, त्यांच्या बोटाच्या रेषाच राहिलेल्या नसतात. मशीन लाल दिवा दाखवतं आणि म्हातारी माझ्याकडे बघते की मी पैसे खाल्ले. मग मी ओल्या फडक्याने बोट पुसायला लावतो, कोरडं करून थोडं खोबरेल चोळायचं, परत पुसायचं, आणि अंगठ्याचा नाद सोडून मधलं बोट किंवा अनामिका लावून बघायची. अंगठ्यापेक्षा ती बोटं कमी झिजलेली असतात. बऱ्याच वेळा होऊन जातं. हयातीचा दाखला पण आम्ही घरी करतो, पेन्शनवाल्यांना नोव्हेंबरात बँकेत रांग लावायची गरज नाही, सत्तर रुपये फी आहे.

शिरपूर_पुणे
@शाखा_डाकघर, हे तर मला अजिबात माहीत नव्हतं. आप्पा दर वेळी रिक्षा करून बँकेत जातात आणि मॅडम म्हणतात लिंक फेल आहे, उद्या या.

धुळेकर_७४
एक प्रश्न सगळ्यात आधी विचारायला पाहिजे होता. तुमच्या आप्पांच्या आधारला मोबाईल नंबर कोणाचा आहे?

शिरपूर_पुणे
माझा.

धुळेकर_७४
बसा मग बोंबलत. 😂 आप्पा सेतूत बसतील, ओटीपी जाईल पुण्याला, आणि तुम्ही मीटिंगमध्ये. तेवढ्यात ओटीपी एक्स्पायर. सेतूवाला म्हणेल "बाबा, उद्या या". हे मी माझ्या डोळ्यांसमोर रोज बघतो. सगळ्या शिकलेल्या पोरांनी हौसेने स्वतःचा नंबर टाकून ठेवलाय, म्हातारा फसायला नको म्हणून, आणि त्याच्यामुळे म्हाताऱ्याचं एकही काम गावात होत नाही. पीएम किसानचं केवायसी, शेतकरी ओळखपत्र, आयुष्मान कार्ड, सगळीकडे ओटीपी.

शाखा_डाकघर
बरोबर. आधारचा मोबाईल नंबर बदलायचं काम पण पोस्टमन घरी येऊन करतात. गावात जो फोन घरात असतो तो टाका. साधा बटणाचा फोन चालतो, मेसेज वाचता आला म्हणजे झालं.

आशाताई_चोपडा
मी चोपडा तालुक्यात आशा म्हणून काम करते. दवाखान्याचं मी लिहिते, जरा लांबेल.

१०८ फुकट आहे आणि गाडीत डॉक्टर असतो. १०२ गरोदर बाई आणि एक वर्षापर्यंतच्या बाळासाठी, बाळंतिणीला घरी सोडायला पण तीच. फोन लावल्यावर लोक चूक काय करतात तर सांगतात "मारुतीच्या मंदिराजवळ या". दादा, मारुतीचं मंदिर कोणत्या गावात नाही? गावाचं नाव, तालुका, जवळचं मोठं गाव, फाटा कोणत्या रस्त्यावर आहे, एवढं सांगायचं. एकाच नावाची गावं तीन तालुक्यांत असतात. आणि ज्या फोनवरून लावला तो फोन नंतर मोकळा ठेवायचा. आपण लगेच मामाला, जावयाला, सगळ्यांना लावत सुटतो, तिकडे ड्रायव्हर रस्ता विचारायला फोन करतोय आणि त्याला बिझी लागतोय. रात्रीची वेळ असेल तर एकाला मोटरसायकल घेऊन फाट्यावर उभं करा, लाईट चालू ठेवून. गल्लीत ट्रॅक्टर, लग्नाचा मांडव, काय काय असतं, गाडी आत येत नाही, तर पेशंटला खाटेवर चौकापर्यंत आणून ठेवा.

दुसरं. बीपी-शुगरच्या गोळ्यांसाठी मेडिकलवर पैसे घालवू नका. उपकेंद्राला आता आयुष्मान आरोग्य मंदिर म्हणतात, तिथे सीएचओ (समुदाय आरोग्य अधिकारी) असतात, त्या बीपी बघून महिन्याच्या गोळ्या देतात, फुकट. जाताना जुन्या गोळ्यांचं पाकीट न्यायचं, नुसतं "ती पांढरी गोळी" म्हणायचं नाही. मोठ्या डॉक्टरला विचारायचं असलं तर ई-संजीवनीवर व्हिडिओने बोलणं पण करून देतात, रेंज असली तर.

तिसरं, तुमच्या गावच्या आशाचा नंबर तुमच्या फोनमध्ये आहे का? नसेल तर आधी तो घ्या. आम्हाला घराघरातलं माहीत असतं, कोण एकटं आहे, कोणाला फिट येते.

बोरीकाठी_बोर
आशाताई, तुमच्याबद्दल आदर आहे, पण १०८ चे इतके गोडवे गाऊ नका. आमच्या काकांच्या वेळी फोन लावला तर गाडी दुसऱ्या केसला गेलेली, पुढची गाडी लांबच्या तालुक्यातून येणार म्हणे. शेवटी केळीच्या पिकअपमध्ये गादी टाकून नेलं. वाचले, पण ते पिकअपवाल्यामुळे.

आशाताई_चोपडा
@बोरीकाठी_बोर, असं होतं दादा, मी नाही म्हणत नाही. एका तालुक्याला गाड्या किती, केसेस किती. म्हणून मी माझ्या गावात सांगते, दोन्ही करा. १०८ ला लावा, आणि गाडी लांब आहे असं कळलं तर गावातली गाडी काढून त्यांच्या दिशेने निघा, फोनवर ठरवून मधे एखाद्या फाट्यावर भेटा. तिथून पेशंट ऑक्सिजनवाल्या गाडीत जातो. गावात कोणाकोणाकडे गाडी आहे आणि रात्री कोण उठतं, ही यादी ग्रामपंचायतीच्या भिंतीवर रंगवून घेतली आहे आम्ही.

सातपुडा_मास्तर
सगळं वाचतोय. तुम्ही लोक गाडी उशिरा आली म्हणून भांडताय, आमच्याकडे गाडी येईल असा रस्ता पाहिजे आधी. मी नंदुरबारच्या अक्राणी तालुक्यात शिक्षक आहे. इथे एकेका गावाचे पाडे डोंगरावर विखुरलेले, एक पाडा या डोंगरावर तर दुसरा समोरच्या. पावसाळ्यात बाळंतीण निघाली की बांबूला झोळी बांधायची, चार माणसं खांद्यावर घेणार, चार बदलीला चालणार, आणि गाडी उभी राहते तिथपर्यंत उतरायचं. नर्मदेच्या काठची गावं आहेत त्यांना तर सरदार सरोवराच्या फुगवट्यामुळे बोट हाच रस्ता, तिथे तरंगता दवाखाना आहे, बोटीतून डॉक्टर-नर्स फिरतात. ते काम करणारी माणसं खरंच भली आहेत. पण डिझेल, पाऊस, पाण्याची पातळी, सगळं जमून यावं लागतं.

इथे "सोय" म्हणजे काय तर आश्रमशाळेतला एखादा शिक्षक किंवा आशा, ज्याच्याकडे पाड्यातल्या सगळ्यांच्या कागदांची पिशवी असते. रेंजसाठी ठरलेला एक दगड आहे वर, त्या दगडावर उभं राहिलं की ओटीपी येतो. धुळेकरांचं वाचून हसू आलं. आमच्याकडे ओटीपीसाठी चढ चढावा लागतो.

भरीत_पार्टी
मास्तर, त्या दगडाला शेंदूर लावा. 🙏

सातपुडा_मास्तर
@भरीत_पार्टी लावलाय कोणीतरी. खरंच.

धुळेकर_७४
आता मूळ मुद्दा. मी स्पष्ट लिहितो, कोणाला राग आला तर आला. बाहेरगावी राहणाऱ्यांनी सरळ एक एजंट धरावा. तहसीलबाहेर बसतात, दाखला असो की वारस नोंद, दोन-तीनशे जास्त घेतात पण काम होतं. म्हाताऱ्या माणसाने चार चकरा मारून रिक्षालाच तेवढे घालवायचे, वरून ऊन आमच्याकडचं, मे महिन्यात ४५ च्या पुढे जातं. तत्त्व वगैरे पुण्यात ठीक आहे.

कायद्याचं_बोला
@धुळेकर_७४ तुमच्यासारख्यांमुळेच रेट वाढतो. २०१५ चा लोकसेवा हक्क कायदा आहे महाराष्ट्रात. उत्पन्नाचा, रहिवासाचा, जातीचा, प्रत्येक दाखल्याला मुदत ठरलेली आहे. अर्ज दिला की पोच घ्यायची, पोचवर तारीख असते. मुदतीत काम झालं नाही किंवा अर्ज फेटाळला तर तीस दिवसांत पहिलं अपील, त्याच कार्यालयातल्या वरच्या अधिकाऱ्याकडे, मग दुसरं, मग आयोग. विनाकारण लटकवलं असं ठरलं तर अधिकाऱ्याला पाचशेपासून पाच हजारांपर्यंत दंड आहे, स्वतःच्या खिशातून. मी दोन अपिलं केली, दुसऱ्याची तर सुनावणीच झाली नाही, नोटीस निघाल्या निघाल्या दाखला घरपोच.

आणि अजून एक. दाखल्याच्या प्रतिज्ञापत्राला स्टॅम्प पेपर लागत नाही. २००४ पासून माफ आहे. साध्या कागदावर चालतं. तरी तहसीलबाहेर स्टॅम्पची रांग बघा.

बोरीकाठी_बोर
साहेब, अपील करायचं म्हणजे ज्या तलाठ्याकडे उद्या पंचनाम्याला जायचंय त्याच्याच विरुद्ध कागद द्यायचा. गारपीट झाली की नुकसान लिहिणारा तोच. तुम्ही शहरात राहता वाटतं.

कायद्याचं_बोला
मी यावल तालुक्यात राहतो, केळी आहे माझी. आणि आता तलाठी नाही, ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं. :)

बोरीकाठी_बोर
बोर्ड बदलला, बाकी कुलूप तेच.

सेतूवाला
मी आपले सरकार सेवा केंद्र चालवतो, मोठ्या गावात. एजंट म्हणून आम्हालाच शिव्या पडतात म्हणून दोन शब्द.

दरपत्रक माझ्या भिंतीवर लावलेलं आहे, लावणं बंधनकारकच आहे. पावती पण निघते. जो पावती देत नाही त्याच्याकडे जाऊ नका, विषय संपला. पण लोक येतात कसे ते पण सांगतो. दहावी-बारावीचा निकाल लागला की एकाच दिवशी सगळ्यांना उत्पन्नाचा, नॉन क्रिमिलेअर, डोमिसाईल पाहिजे, उद्या शेवटची तारीख. सर्व्हर तेव्हाच झोपतो. मी रात्री दोनला उठून अपलोड करतो, कारण दिवसा गोल गोल फिरत राहतं. आणि कागद? खिशात चार घड्या घातलेली झेरॉक्स, त्यावर तंबाखूचा डाग. रेशनकार्डवर भागाबाई, आधारवर भागीरथी, सातबाऱ्यावर भागी भ्रतार अमुक. तीन बायका झाल्या सिस्टीमसाठी. मी काय करू?

शिरपूर_पुणे दादा, तुम्ही पुढच्या वेळी गावी गेलात की एक काम करा. आईवडिलांचं आधार, रेशनकार्ड, पासबुकाचं पहिलं पान, आठ-अ, फोटो, हे सगळं घेऊन बसा आणि नावं जुळवा. अक्षरानअक्षर. फरक असेल तिथे आधी आधार दुरुस्त करा, कारण पुढे सगळं आधारवरून ओढलं जातं. मग मूळ कागद प्लास्टिकच्या फाईलीत घरी, आणि स्पष्ट स्कॅन तुमच्या फोनमध्ये. एवढं असलं की गावातून कोणीही फोन केला तरी तुम्ही पुण्याहून पाठवू शकता. अर्ध्या चकरा इथेच वाचतात.

धुळेकर_७४
@सेतूवाला, तुम्ही चांगले असाल, सगळे तसे नसतात. पण नावाचं तुम्ही बरोबर बोललात.

खापरावरचे_मांडे
सातबाऱ्यासाठी तरी तलाठ्याकडे जाऊ नका. डिजिटल सहीचा सातबारा महाभूमीच्या साईटवर पंधरा रुपयांत निघतो, बँकेत, सोसायटीत सगळीकडे चालतो, शिक्का लागत नाही. माझ्या सासऱ्यांना मी काढून दिला तर त्यांनी उलटा-सुलटा करून बघितला आणि म्हणाले, "शाई कुठे आहे?" दुसऱ्या दिवशी जाऊन शिक्कावाला घेऊन आले. आता दोन्ही एकत्र टाचण्या मारून ठेवले आहेत.

भरीत_पार्टी
सासऱ्यांचं चुकलं नाही ताई. निळी शाई दिसल्याशिवाय कागद खरा वाटत नाही खान्देशात.
बाय द वे हे नाव बघून भूक लागली. आखाजीला खापरावरचे मांडे आणि आंब्याचा रस…

गिरणाकाठ
सुरू झालं यांचं. पुढे शेवभाजी येईल, मग भुसावळ की धुळे. धागा गेला.

केळीवाला_रावेर
शेवभाजीच्या आधी लाईटचं लिहून घेतो. 😀 डीपी (ट्रान्सफॉर्मर) जळाली तर काय करायचं? आमच्याकडे उन्हाळ्यात केळीला पाणी तुटलं की घड काळा पडतो, दोन दिवस म्हणजे फार झाले. आणि पद्धत काय पडलीय, डीपी जळाली की शेतकरीच वर्गणी काढणार, ट्रॅक्टर लावून जळकी डीपी तालुक्याला नेणार, तिथे ऑइल नाही म्हणून बसवून ठेवणार.

नियम असा आहे की ग्रामीण भागात जळालेलं रोहित्र ४८ तासांत बदलायची जबाबदारी वीज कंपनीची आहे, वाहतुकीसकट. पण त्यासाठी तक्रार नोंदलेली पाहिजे. वायरमनला फोन केला म्हणजे तक्रार झाली असं नाही! १९१२ वर ग्राहक क्रमांक सांगून नोंदवा, नंबर लिहून ठेवा, आणि एकट्याने नाही, त्या डीपीवरच्या चार-पाच जणांनी वेगवेगळी नोंदवा. वेळ त्या नोंदीपासून मोजतात. आम्ही हे सुरू केल्यापासून वर्गणी मागणं कमी झालंय. थांबलं नाही, कमी झालंय.

वायरमनशी संबंध चांगलेच ठेवा, तो बिचारा पाच-सहा गावं बघतो. पण चहा वेगळा आणि तक्रार वेगळी.

म्हशीवाली
१९६२ कोणी लिहिलं नाही. जनावरांसाठीची फिरती गाडी. आमची म्हैस अडली होती, डॉक्टर घरी आले, दारात काम केलं.

बोरीकाठी_बोर
म्हणजे पुढच्या वेळी काकांसाठी १९६२ लावतो.

आशाताई_चोपडा
😂😂 दादा!

जळगावची_लेक
मोठ्या आजारपणाचं राहिलं. महात्मा फुले जनआरोग्य योजना आता पाच लाखांपर्यंत आहे, आणि ऑक्टोबर २०२४ पासून सत्तरच्या वरच्या सगळ्यांना उत्पन्न न बघता वेगळं आयुष्मान कार्ड मिळतं. म्हणजे तुमच्या आई आणि आप्पा दोघंही बसतात. कार्ड आत्ताच काढून ठेवा, ॲडमिट झाल्यावर नाही. आणि दवाखान्यात पाय ठेवल्या ठेवल्या आरोग्यमित्राचं (योजनेचा तिथला माणूस) टेबल शोधायचं, हा दवाखाना योजनेत आहे का आणि हा आजार इथे योजनेत होतो का, हे दोन वेगळे प्रश्न आहेत, दोन्ही विचारायचे. आमच्या ओळखीत एका खाजगी ठिकाणी आधी "योजनेत होईल" म्हणाले आणि डिस्चार्जच्या दिवशी बिल पुढे केलं. आरोग्यमित्राकडे नोंदच नव्हती. टोल फ्री १५५३८८ आहे, तिथून नोंद झाली की नाही ते कळतं.

सरकारी मेडिकल कॉलेज आता तिन्ही जिल्ह्यांत आहे. धुळ्याचं जुनं, जळगावचं २०१८ चं, नंदुरबारचं २०२० चं. पूर्वीसारखं प्रत्येक गोष्टीला नाशिक किंवा सुरत गाठायची गरज राहिली नाही.

सातपुडा_मास्तर
@जळगावची_लेक, गरज राहिली नाही असं तुम्ही म्हणता. नंदुरबारच्या पश्चिमेचे लोक अजून सुरतलाच पळतात, कारण अर्धी घरं तिथे कामाला आहेत, राहायची सोय असते, गाडी आहे. दवाखाना जवळचा कोणता हे नकाशावर नाही, नातेवाईक कुठे आहेत त्यावर ठरतं.

जळगावची_लेक
हे मात्र पटलं सर.

शिरपूर_पुणे
मंडळी, एवढं लिहिलंत, धन्यवाद. सगळं कागदावर उतरवून घेतोय. पण एक कळत नाही. पोस्टमनला निरोप देणार कोण, १९१२ ला ग्राहक क्रमांक सांगणार कोण, साईटवरून काढणार कोण? आप्पांना स्मार्टफोन दिला होता, त्यात त्यांनी फक्त हवामान आणि कीर्तनं बघितली. परवा ग्रुपवर कुठली तरी पीएम किसानची फाईल आली ती दाबली, मी वेळेवर बघितलं म्हणून बरं.

कायद्याचं_बोला
ती एपीके फाईल. कधीच उघडायची नाही, आख्खा फोन त्यांच्या ताब्यात जातो. पैसे गेलेच तर लगेच १९३० ला लावा, जितक्या लवकर तितकं चांगलं, पैसे पुढे सरकायच्या आत खातं गोठवता येतं. "उद्या पोरगा आला की बघू" केलं की गेले.

अभ्यासिका_अमळनेर
@शिरपूर_पुणे तुमच्या प्रश्नाचं उत्तर गावातच बसलंय. गावात अभ्यासिका किंवा वाचनालय आहे का? तिथे पोलीस भरती, तलाठी भरतीची तयारी करणारी पोरं-पोरी दिवसभर असतात. फॉर्म भरण्यात त्यांच्याइतकं तरबेज कोणी नाही, कागद कोणत्या साईजमध्ये अपलोड करायचा हे झोपेत सांगतील. आमच्या अभ्यासिकेत आम्ही रविवारी सकाळी दोन तास ठेवलेत, गावातल्या म्हाताऱ्यांची कामं. सुरुवातीला कोणी आलं नाही. मग एका आजीचं बंद पडलेलं श्रावणबाळ योजनेचं अनुदान आधार लिंक नसल्यामुळे अडलंय हे एका पोरीने शोधून काढलं, आणि पुढच्या रविवारी ओटा भरला.

धुळेकर_७४
आणि पैसे?

अभ्यासिका_अमळनेर
नाही घेत. चहा येतो, शेंगा येतात, एकदा वांग्यांची टोपली आली.

धुळेकर_७४
हेच मला पटत नाही. पोरं बेकार बसली आहेत म्हणून फुकट राबवून घ्यायची? पुण्यात साठ-सत्तर हजार कमावणाऱ्याच्या आईवडिलांचं काम गावातल्या पोराने वांग्यावर करायचं? एजंटला तीनशे दिले की दलाल, आणि पोराकडून फुकट करून घेतलं की समाजसेवा. सरळ महिन्याला काहीतरी ठरवून द्या, हिशोबाने.

खापरावरचे_मांडे
पहिल्यांदा धुळेकरांशी सहमत आहे. 🙂 आमच्या गावात बचत गटातली एक ताई बीसी सखी (बँकेची गावातली प्रतिनिधी) आहे. मशीनवर पैसे काढून देते, तिला कमिशन मिळतं, बाकीची कामं लोक तिला विचारूनच करतात. आम्ही नणंदा-भावजया मिळून तिला सासऱ्यांच्या कामाचे दर महिन्याला देतो. उपकार नाही, काम. त्यामुळे सासरे पण तिला बिनधास्त हाक मारतात, त्यांना ओशाळं वाटत नाही.

गिरणाकाठ
पैसे दिले की नातं तुटतं गावात. आज ती ताई आहे, उद्या सगळे म्हणतील मला किती देता. शेजारी कशाला असतात मग?

खापरावरचे_मांडे
@गिरणाकाठ दादा, शेजाऱ्याला महिन्यातून एकदा हाक मारता येते, आठवड्यातून तीनदा नाही. आणि ज्याला हाक मारतो तो शेजारी पण आता सत्तरचा आहे. पोरं सगळ्यांचीच पुण्याला-सुरतला.

शिरपूर_पुणे
आप्पांना फोनवर विचारलं. म्हणाले, "पैसे देऊन करणार असशील तर चालेल, मग मला तिच्यावर ओरडता पण येईल." 😄 आमच्या गावात पण बीसी सखी निघाली, आईच्या भजनी मंडळातलीच सूनबाई. आईला माहीत होतं, मला कोणी विचारलं नाही म्हणते. आधारचा नंबर बदलायला पोस्टमनना निरोप गेलाय, आईच्या बटणाच्या फोनचा टाकतोय.

@सेतूवाला, नावं जुळवली. आप्पांचं सातबाऱ्यावर एक, पासबुकावर दुसरं. सातबाऱ्यावरचं नाव दुरुस्त कुठे होतं?

सेतूवाला
टायपिंगची चूक असेल, म्हणजे हस्तलिखित सातबाऱ्यावर बरोबर आणि संगणकीकृतवर चूक, तर कलम १५५ खाली तहसीलदारांकडे अर्ज. जुन्या हस्तलिखिताची नक्कल जोडा, ती तहसीलच्या अभिलेख कक्षातून मिळते. अर्जाची पोच घ्या, कायदेवाले साहेबांनी सांगितलंय तशी.

कायद्याचं_बोला
👍

साक्री_एक्स्प्रेस
उशिरा आलो. माझ्या भावाचं दिव्यांग प्रमाणपत्र जुनं आहे, हाताने लिहिलेलं. सवलतीच्या तिकिटाला आता यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं ओळखपत्र) मागतात. कुठे करायचं? धुळ्याला जाऊन बसायचं की साक्रीत होतं?

आशाताई_चोपडा
@साक्री_एक्स्प्रेस, आधी स्वावलंबन पोर्टलवर ऑनलाइन नोंद करा, जुनं प्रमाणपत्र त्यातच जोडा. तपासणी सरकारी दवाखान्यात ठरलेल्या वारीच होते, आणि आजाराप्रमाणे वार वेगळा असतो, हाडांचा वेगळा, कानाचा वेगळा. साक्रीतल्या सरकारी दवाखान्यात आधी फोन करून विचारा त्यांच्याकडे कोणती तपासणी आहे, मगच भावाला घेऊन निघा. आणि ग्रामपंचायतीच्या उत्पन्नातला पाच टक्के निधी दिव्यांगांसाठी राखीव असतो, तो तुमच्याकडे वाटला का ते ग्रामसभेत विचारा.

साक्री_एक्स्प्रेस
पाच टक्के?? आमच्याकडे कधी ऐकलं पण नाही. सरपंच माझा चुलत मेहुणा आहे, आजच विचारतो.

बोरीकाठी_बोर
मग तर झालंच काम. 😂